वाचक विचारतात : वाळवंटातली ठिपक्यांची चित्रं

प्रश्न : मध्य ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी चित्रांत एककेंद्री वर्तुळ म्हणजे पाणवठा, असं वाचलं. खुणांची अशी यादी जवळ ठेवली, तर कुठलंही चित्र वाचता येईल?

उत्तर : यादीने सुरुवात होईल, चित्र उलगडणार नाही. तेच वर्तुळ कुठे मुक्काम असतं, कुठे शेकोटी, कुठे टेकडी. घोड्याच्या नालेच्या आकाराची खूण म्हणजे बसलेलं माणूस, कारण मांडी घालून बसलेला उठला की वाळूत तसाच ठसा उरतो. शेजारी भाला असेल तर पुरुष. खणायची काठी आणि लांबट लाकडी परात असेल तर बाई. पण पाणवठा कोणता, तिथून कोण पूर्वज गेला, हे चित्रकाराने सांगितलेल्या कथेतूनच कळतं. ड्रीमिंग, म्हणजे पूर्वजांनी भूमी कशी घडवली त्या कथा आणि त्यांतून आलेले नियम, कुणीही उठून रंगवायचे नसतात. तो हक्क नात्याने आणि जागेने येतो. आपल्याला सांगतात तो कथेचा फक्त उघड भाग.

ठिपक्यांचं मर्मही इथेच आहे. 1971 मध्ये मध्य ऑस्ट्रेलियातल्या पापुन्या या आदिवासी वस्तीच्या शाळेत, शिक्षक जेफ्री बार्डन यांच्या प्रोत्साहनाने, तिथल्या पुरुषांनी भिंतीवर मधमुंगीची ड्रीमिंग रंगवली. पाठोपाठ फळकुटांवर चित्रं आली. काहींत विधींमधल्या गुप्त गोष्टी उघड दिसल्या आणि ज्येष्ठांनी हरकत घेतली. मग असे भाग वगळले गेले किंवा ठिपक्यांच्या थरांखाली गेले. शिवाय ठिपके पावसानंतरची झाडोऱ्याची दाटीही दाखवतात, तेव्हा त्यांना नुसती नक्षी समजू नये. आणि ठिपके हवेतच असंही नाही : आदिवासी चित्रकार एमिली कामे नग्वारेये यांचं 1995 चं ‘बिग याम ड्रीमिंग’, सुमारे 8 मीटर लांब, काळ्यावर पांढऱ्या रेघांचं जाळं आहे. याम या कंदाची मुळं आणि भेगाळलेली जमीन, दोन्ही त्यात आहेत.

प्रश्न : गुंडाळून आलेल्या कॅनव्हासवरचे ठिपके सुटताहेत. काय करावं? आणि वरची बाजू कोणती?

उत्तर : रंग आतल्या बाजूला ठेवून गुंडाळलं की जाड ठिपके एकमेकांवर दाबले जातात आणि तडकतात. ॲक्रिलिक रंग थंडीत ठिसूळ होतो, उन्हात मऊ पडून प्लॅस्टिकला चिकटतो. म्हणून फुगेवालं प्लॅस्टिक रंगाला लावू नका. रंग बाहेर ठेवून, किमान 15 सेंटीमीटर व्यासाच्या नळीवर, मध्ये आम्लविरहित कागद घालून गुंडाळा. उलगडण्याआधी कॅनव्हास दिवसभर खोलीच्या तापमानाला राहू द्या. सुटलेले ठिपके घरच्या डिंकाने चिकटवू नका. डबीत जपून ठेवा आणि चित्रसंवर्धकाकडे द्या.

कॅनव्हास जमिनीवर पसरून चारही बाजूंनी रंगवतात, त्यामुळे पुष्कळ चित्रांना वर-खाली नसतंच. चित्रासोबत मिळालेल्या, कलाकेंद्राच्या प्रमाणपत्रावरच्या छायाचित्रात चित्र जसं दिसतं, तसं लावा.