वडिलांच्या हुद्द्याचा रकाना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे वडील नौदलात पेटी ऑफिसर आहेत, म्हणजे नावात 'ऑफिसर' असले तरी हुद्दा नौसैनिकांतलाच, तेव्हा अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाला आपल्याला कोण घेणार, असे तू विचारले आहेस. नियमांपुरते उत्तर सोपे आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा परीक्षा घेतो. तिथे ॲडमिरलच्या मुलाला निराळी प्रश्नपत्रिका मिळत नाही आणि नौसैनिकाच्या मुलासाठी जागाही राखून ठेवलेली नसते. शिक्षण, निवास, भोजन आणि गणवेश यांचा खर्च सरकार करते, म्हणून पैशाच्या काळजीने मागे सरू नकोस.

खरी अडचण मला घरातल्या सवयीत दिसते. वडिलांनी आयुष्यभर ज्यांना सलाम केला, ते 'साहेब' मुलाला लहानपणापासून वेगळ्याच कुळातले वाटू लागतात, आणि मग चौकशीच इतकी उशिरा होते की साडेसोळा ते साडेएकोणीस ही वयाची मर्यादा निघून गेलेली असते किंवा अकरावीला विषय भलतेच घेतलेले असतात. नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवेच. तुझ्या धाकट्या भावाने दहावीनंतर छत्रपती संभाजीनगर येथील राज्य शासनाच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेचा विचार अवश्य करावा.

लेखी परीक्षा 900 गुणांची असते: गणिताचे 300 आणि सामान्य क्षमतेचे 600, ज्यांत 200 इंग्रजीचे. बदल्यांमुळे शाळा सतत बदललेल्या मुलांचे इंग्रजी आणि गणितच कच्चे राहते, म्हणून रोजचा पहिला तास त्यांना दे. पुढे एसएसबीच्या, म्हणजे सैन्याधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या, पाच दिवसांच्या निवडचाचणीलाही तितकेच, म्हणजे 900 गुण असतात, आणि तुझ्याशी मला मुख्यतः तिच्याविषयीच बोलायचे आहे.

तिथे आरंभी एक माहितीपत्रक भरून घेतात. त्यात वडिलांचा व्यवसाय, शिक्षण आणि उत्पन्न यांचे रकाने असतात, आणि चांगली तयारी केलेली मुले नेमकी तिथेच अडखळलेली मी पाहिली आहेत. कोणी नुसते 'भारतीय नौदल' लिहितो आणि मुलाखतीत हुद्दा विचारताच त्याचा आवाज खाली जातो. वडिलांच्या हुद्द्याला तिथे गुण नसतात. परंतु ज्याला स्वतःच्या घराचा संकोच वाटतो, तो उद्या शंभर माणसांपुढे ठामपणे उभा राहील, हे समोरच्याने कशावरून मानावे? तू 'पेटी ऑफिसर' हे शब्द पूर्ण आणि स्वच्छ अक्षरांत लिही.

वडील रजेवर आले की त्यांच्याशी निवांत बोल. कोणत्या अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करावेसे वाटले, कोणाच्या हाताखाली नकोसे झाले आणि का, हे त्यांच्याकडून समजून घे. 18 फेब्रुवारी 1946 रोजी मुंबईत 'तलवार' या तळावरील नौसैनिकांनी निकृष्ट जेवण आणि अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध संप पुकारला होता, त्याविषयीही वाच. नौसैनिक काय खातो, कुठे झोपतो आणि घरापासून किती महिने दूर राहतो, याची जाण अधिकाऱ्याला असावी लागते, आणि ती तुला घरातच मिळालेली आहे.

बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित या तीन विषयांत मिळून 70 टक्के आणि जेईई मेन या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेत चांगला क्रमांक मिळाल्यास केरळातील एळिमला येथील भारतीय नौदल प्रबोधिनीच्या बी.टेक. प्रवेशासाठीही अर्ज करता येतो. त्यालाही एसएसबी आहेच. तुझी जन्मतारीख आणि अकरावीचे विषय उलट टपाली कळव, म्हणजे कोणत्या परीक्षेला केव्हा बसायचे ते ठरवू.