गावाचा अंक फुकट वाटतो, तरी नोंदणी लागते का?

प्रश्न : नमस्कार सर, आम्ही मोहोळ तालुक्यातल्या एका गावची आठ-दहा पोरं-पोरी मिळून दर तीन महिन्याला 24 पानी अंक काढतोय. ग्रामसभेत काय ठरलं, पाण्याचे टँकर, डाळिंबाचे भाव, म्हाताऱ्या बायकांकडून उतरून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या असं सगळं असतंय. पगार कुणालाच नाही, 300 प्रती सोलापुरात छापून फुकट वाटतो, खर्च दुकानदारांच्या जाहिरातीतनं निघतो. पाच अंक झाले. आता प्रेसवाले म्हणतात नोंदणी नंबर आणा, त्याशिवाय सहावा छापणार नाही. फुकटच्या अंकालाही हे लागतं का? — गावातली अंकवाली पोरं

उत्तर : लागतं. प्रेसवाल्यांवर रागावू नका, ते बरोबर बोलतायत. कायदा अंकाची किंमत बघत नाही, तो दोनच गोष्टी बघतो, अंक ठरावीक काळाने निघतो का आणि त्यात सार्वजनिक बातम्या किंवा त्यावरची मतं आहेत का. तुमच्यात ग्रामसभा आहे, टँकर आहे, म्हणजे दोन्ही आलं. नुसती यात्रेची एकदाच काढलेली स्मरणिका असती तर गोष्ट वेगळी होती.

छापखाने आणि नियतकालिकांचा 1867 चा जुना कायदा गेला, 1 मार्च 2024 पासून 2023 चा नवा लागू झालाय, त्यामुळे डिक्लेरेशनचा, म्हणजे मुद्रक-प्रकाशक कोण हे लिहून द्यायचा, कागद घेऊन पहिल्यासारखे हेलपाटे मारायची गरज राहिली नाही. सरकारच्या प्रेस सेवा पोर्टलवर (वेबसाइटवर) नाव आणि नोंदणी दोन्हीचा अर्ज एकदमच होतो, तो जिल्हा प्रशासनाकडेही जातो आणि त्यांना मत द्यायला 60 दिवस असतात. नाव मात्र जपून निवडा, 'शिवार' किंवा 'गावकरी' असलं काही टाकलं की ते आधीच कुणीतरी घेतलेलं निघतं, म्हणून गावाचं नाव जोडून दोन-तीन पर्याय तयार ठेवा. नोंदणीशिवाय अंक काढला तर दंड 5 लाखांपर्यंत जाऊ शकतो, तेव्हा सहावा अंक थांबवा, थोडा उशीर झाला तर गाव काही रागावणार नाही.

मालक कुणाला दाखवायचं हे आधी बसून ठरवा. बहुतेक ठिकाणी ज्याच्याकडे लॅपटॉप त्याचंच नाव टाकतात, मग तो नोकरीला पुण्याला गेला की अंक अडकतो. तुमचं मंडळ नोंदणीकृत असेल तर मालकी मंडळाच्याच नावावर ठेवा. आणि मुद्रक, प्रकाशक, संपादक, छापल्याचं ठिकाण हे सगळं अंकावर खरं छापा, सहीपुरता संपादक नको.

पण मला खरी काळजी नोंदणीची नाही, आतल्या पानांची आहे. मागं एका मंडळाच्या अंकाचं प्रूफ मी वाचत होतो, त्यात एका लहान मुलीवरच्या अत्याचाराची बातमी होती. लिहिणाऱ्याने तळमळीने लिहिलं होतं, नावही टाळलं होतं, पण इयत्ता लिहिली होती, 'देवळामागची गल्ली' लिहिलं होतं आणि मामाचं किराणा दुकान लिहिलं होतं. दीड हजार वस्तीच्या गावात नाव अजून वेगळं काय सांगायचं राहिलं? मी ती तिन्ही वाक्यं लाल पेनाने खोडली. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम 23 मध्ये नावाबरोबर पत्ता, फोटो, घरच्यांची माहिती, शाळा, शेजार, ओळख पटेल असं काहीही छापायला मनाई आहे आणि शिक्षा सहा महिने ते एक वर्ष कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शहरातल्या पेपरला चालून जाणारा तपशील गावात चालत नाही, हे प्रत्येक लिहिणाऱ्याला समोर बसवून सांगा.

सरपंचांवर लिहायचंय तर जरूर लिहा, पण ठरावाची नक्कल, पावती, माहिती अधिकारातलं उत्तर हातात ठेवून लिहा, 'लोक म्हणतात' यावर नको, बदनामीला आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

जाहिरातीत मुतखडा किंवा शुगर कायमची बरी करतो असं कुणी आणलं तर पैसे परत करा, औषधांच्या जाहिरातींवरच्या 1954 च्या कायद्याने असल्या जाहिराती छापायलाच बंदी आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो ज्याने काढला त्याचा असतो, विचारून घ्या. कविता-लेखांचंही तसंच, तुमच्याकडे कुणी पगारी नाही म्हणजे हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतो, तेव्हा छापायची परवानगी एका ओळीत का होईना, लिहून घ्या. ओव्या परंपरेतल्या असल्या तरी सांगणाऱ्या आजीला विचारून तिचं नाव खाली टाकाच.

नंबर मिळाला की सहाव्या अंकाची एक प्रत मलाही पाठवा, मी ओव्यांचं पान आधी उघडणार आहे.