‘कर काहीही’ म्हणणं आता बंद

“मॅडम, वीस तारीख उलटली की आमच्या घरात भांडण ठरलेलं. आणि सुरुवात जेवणावरूनच होते.”

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेली ती खुर्चीत नीट बसण्याआधीच बोलली. नवरा शेजारी मान खाली घालून बसला होता. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिसेप्शनवर, तो चाकणच्या एका कारखान्यात. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक आठवडा सेकंड. मोशीत भाड्याचा वन बीएचके, पाच वर्षांची मुलगी. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि मुलीला इथे चिऊ म्हणते.

दोघांचे पगार मिळून 52 हजार. त्यातून घरभाडं, गाडीचा हप्ता, शाळा, गावी त्याच्या आईला पैसे. “एवढे कमावतो तरी शेवटच्या आठवड्यात उसने मागायची वेळ येते. बाहेरचं मागवणं परवडत नाही, घरी करायला जीव उरत नाही आणि केलं तर पोरगी खात नाही. हा म्हणतो, तुला संसार जमत नाही.” लहान मूल आणि दोन नोकऱ्या असलेल्या घरांतून ही तक्रार माझ्याकडे वारंवार येते. प्रत्येकीला वाटतं, आपल्याच हाताला चव नाही, आपलंच गणित कच्चं.

मी दोघांनाही आपापल्या फोनमधल्या मागच्या महिन्याच्या ऑर्डरी मोजायला सांगितल्या. 18 निघाल्या. रक्कम 7,380 रुपये. तो आकडा दोघांनीही कधी एकत्र पाहिला नव्हता. मग माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आम्ही त्याच्या शिफ्टच्या खुणा केल्या. त्या महिन्यात सेकंड शिफ्टच्या 12 रात्री होत्या आणि त्यातल्या 11 रात्री जेवण बाहेरून आलं होतं.

तो दुपारी अडीचला घरातून निघतो. ती संध्याकाळी सातला पाळणाघरातून चिऊला घेऊन घरी पोचते. पोर भुकेनं रडवेली, ओट्यावर सकाळची भांडी. मी विचारलं, “त्या वेळी नेमकं काय नकोसं होतं?” ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “करायचा कंटाळा नाही हो मॅडम. काय करायचं हे रोज मीच ठरवायचं, त्याचा कंटाळा येतो. ह्याला फोन केला की म्हणतो, कर काहीही.”

तो एकदम म्हणाला, “मला वाटायचं, असं म्हटलं की हिच्यावर भार पडत नाही.” खरं वाटून म्हणाला तो. वर्षानुवर्षं तो ज्याला समजूतदारपणा मानत होता, तो तिच्यापर्यंत एकटेपणा होऊन पोचत होता. त्या दिवशी तिथे मी पैशाचं बोलणं थांबवलं.

पुढच्या भेटीत मी एक चूक केली. आठवडाभराचं वेळापत्रक बनवून दिलं, सात दिवस, सात भाज्या. फ्रिजवर चिकटवलेल्या त्या कागदाची चौथ्याच दिवशी तिला धास्ती वाटू लागली. बुधवारी मटकीची उसळ लिहिली होती. मटकी झाकणाच्या डब्यात ओलीच राहिली आणि उन्हाळ्याच्या दिवसांत तिला वास आला. तिनं ती टाकली, पिझ्झा मागवला आणि रात्री रडली. दमलेल्या बाईच्या हाती मी आणखी एक प्रगतिपुस्तक दिलं होतं. तसं तिला सांगितलं आणि तो कागद फाडायला लावला.

मग खरं काम सुरू झालं आणि ते त्याच्याकडून झालं. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात तो दुपारपर्यंत घरीच असतो. “मला स्वयंपाक येत नाही” हे त्याचं पालुपद. मी विचारलं, कुकर लावता येतो? येतो. कणीक? कधी मळली नाही. मग लहानपणी आवडीनं काय खायचात? त्याचा चेहरा उजळला. “वरणफळं. आई शेतावरून आली की करायची. भाजी नसली की तेच.”

त्यानं तिथूनच आईला फोन लावला. स्पीकरवर त्या माउलीनं सांगितलं ते जवळजवळ शब्दशः देते, कारण कुणाच्या तरी घरी उपयोगी पडेल. “एक वाटी तूरडाळ हळद-हिंग घालून मऊ शिजव. दोन-अडीच वाट्या कणीक घे, त्यात मीठ, हळद, तिखट, ओवा आणि तेलाचं मोहन घाल. घट्ट मळ, सैल नको. पोळी लाटून तिचे तुकडे काप, तीच फळं. फोडणीत लसूण-कढीपत्ता टाक, डाळ घाल, चांगली पातळ कर, चिंच-गूळ, गोडा मसाला. खळखळ उकळी आल्याबिगर फळं सोडू नको, आणि एकदम नको सोडू, एकेक सोड, नाहीतर गोळा होतोय.” मग हळूच, “सूनबाईला बरं नाही का रे?” “बरी आहे आई. मीच करणार आहे.” पलीकडे क्षणभर शांतता होती.

त्यानं दुपारी डाळ शिजवून, कणीक मळून, दोन्ही फ्रिजमध्ये ठेवून निघायचं ठरलं. रात्री तिनं फक्त फोडणी द्यायची आणि पोळी लाटायची. फळं कापायचं काम चिऊचं. करंज्यांचं कातण दिवाळीनंतर डब्यात पडून होतं, ते तिच्या हाती आलं. वाकडीतिकडी फळं, एका बाटलीच्या झाकणानं पाडलेले चंद्र, कडेचे उरलेले तुकडे, सगळं वरणात गेलं. जी मुलगी वरणभाताला तोंड फिरवायची, ती आपण कापलेला चंद्र ताटात शोधत बसली आणि शोधता शोधता वाटीभर खाल्लं. वरून तूप. तिघांचं जेवण एक वाटी डाळीत झालं, बाबांचा वाटा झाकून ठेवला.

डाळीवरून आठवलं. या आईनं मुलीसाठी प्रोटीन पावडरचा महागडा डबा आणला होता, कारण “घरच्या जेवणात कुठलं प्रोटीन?” मी तिला आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. वजन-उंची वयाप्रमाणे ठीक होती, डबा नंतर पुन्हा आणला गेला नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत धान्य आणि डाळी यांचं प्रमाण साधारण तीनास एक सांगितलं आहे. दोन्ही एकत्र खाल्लं की एकातल्या प्रोटीनची उणीव दुसरं भरून काढतं. आपली वरणफळं, खिचडी, भाजणीचं थालीपीठ हे तर पिढ्यान्‌पिढ्या त्याच वाटेवर आहेत. हे ऐकून तिचा खांदा सैल झालेला मला दिसला.

चिऊच्या खाण्याबद्दल मात्र एक गोष्ट मी दोघांकडून कबूल करून घेतली. अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी पालक आणि मूल यांच्यात जबाबदारीची वाटणी सुचवली आहे: काय, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं का आणि किती, हे मुलानं. मला हे फार पटतं. “एक घास आईचा, एक घास बाबांचा” करत ताटामागे धावणं थांबलं, तसा जेवणाच्या वेळचा आरडाओरडाही ओसरला. नवा पदार्थ मुलांनी स्वीकारायला तो आठ-दहा वेळाही समोर यावा लागतो, कधी त्याहून जास्त. पहिल्या नकाराला कुणी दुखावून घेऊ नये. वजन घटत असेल किंवा मूल दोन-तीनच पदार्थांवर अडून बसलं असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावं.

वेळापत्रकाच्या जागी फक्त एक सवय आली. रविवारी आठवडे बाजारातून आल्यावर तिघांनी जमिनीवर बसून तीन रात्री ठरवायच्या, बाकीच्या मोकळ्या. एक रात्र थालीपिठाची. भाजणी सासूबाई गावाहून पाठवतात, त्यात कांदा, कोथिंबीर, मुळ्याचा पाला, हाती लागेल ते. एक रात्र मोडाच्या कडधान्याची. मटकी आता रात्रभर भिजवून, निथळून, सुती फडक्यात सैल बांधून चाळणीत राहते, वास येत नाही. आणि शुक्रवार ‘हॉटेल’चा. चिऊ ऑर्डर घेते, आई-बाबा गिऱ्हाईक किंवा आचारी, ज्याची जशी शिफ्ट. त्याच मटकीची मिसळ होते, शिळ्या पोळ्यांची फोडणीची पोळी ‘स्पेशल’ म्हणून येते, दोडक्याच्या शिरांची चटणी ‘फ्री’ मिळते.

तिसऱ्या महिन्यात ऑर्डरी 6 आणि खर्च 2,310 रुपये. किराणा-भाजीचा खर्च साधारण 1,350 रुपयांनी वाढला, तोही मी त्यांना धरायला लावला, कारण घरचं फुकट पडतं असं म्हणणारे हिशेब टिकत नाहीत. हाती राहिले 3,720. त्या 6 ऑर्डरी मुद्दाम ठेवल्या आहेत. ज्या रात्री खरंच जीव नसतो, त्या रात्री अपराधी न वाटता मागवायचं.

प्रत्येक घरात हे चालेल असं मी म्हणणार नाही. जिथे बायकोच्या हातात पैसाच दिला जात नाही, जिथे ताट भिरकावलं जातं, तिथे वरणफळांनी काही होत नाही. तिथे वेगळी मदत लागते आणि ती लवकर घ्यावी लागते. या घरात दोघांनाही एकमेकांची काळजी होती, फक्त ती पोचत नव्हती.

शेवटच्या भेटीला चिऊ आली होती. तिनं मला तिच्या हॉटेलचं मेनूकार्ड दिलं. वहीच्या दुमडलेल्या कागदावर गोल चंद्र काढले होते आणि आईच्या मदतीनं लिहिलेलं होतं, ‘वरनफळ 5 रुपये, बाबांना फ्री’. मी पाच रुपयांचं नाणं पुढे केलं. तिनं ते नीट उलटसुलट पाहिलं, फ्रॉकच्या खिशात टाकलं आणि म्हणाली, “पण आज बंद आहे. शुक्रवारी या.”