वाचकांचे प्रश्न : माजघरातला स्टुडिओ

प्रश्न : बीबीसीच्या लंडनमधल्या जुन्या मुख्यालयात स्टुडिओंना खिडक्याच नव्हत्या म्हणे. असं का? आम्ही शाळेच्या खोलीत मुलांचे कार्यक्रम रेकॉर्ड करतो. भिंतींना अंड्यांचे ट्रे लावले, तरी शेजारची पिठाची चक्की ऐकू येतेच.
— एक शिक्षक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : खरं आहे. १९३२ साली सुरू झालेल्या ब्रॉडकास्टिंग हाउसची रचना आपल्या जुन्या वाड्यासारखी समजा. स्टुडिओ माजघरात, म्हणजे मधल्या जाड विटांच्या मनोऱ्यात. भोवती कचेऱ्यांची ओळ, खिडक्या तिलाच. रस्त्याचा गोंगाट आधी कचेऱ्यांत अडायचा. वास्तुकार जॉर्ज व्हॅल मायर यांनी लोखंडी सांगाडाही बाहेरच्या भागापुरता ठेवला, कारण लोखंडातून कंप दूरवर जातो. एवढं करूनही जमिनीखालच्या बेकरलू मार्गावरच्या गाड्यांची घरघर तळघरातल्या स्टुडिओंत यायचीच.

तुमची चक्कीही तशीच. तिचा कंप पायव्यातून आणि भिंतीतून येतो, तो ट्रे काय अडवणार? ट्रेनं खोलीतला घुमारा थोडा कमी होतो, तोही वरच्या पट्टीतला. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं आणि फट बुजलेली लागते. चक्कीवाल्याशी बोलून यंत्राखाली जाड रबर घालता आलं तर उत्तम, कारण कंप उगमाशीच मारावा लागतो. नाहीतर चक्की बंद असतानाची वेळ गाठा.

खोली बदलता येत असेल तर चारही बाजूंनी दुसऱ्या खोल्या असलेली, स्लॅबची, नऊ इंची विटांच्या भिंतींची निवडा. टिनाच्या छपराखाली पावसाळ्यात रेकॉर्डिंगचा नाद सोडा. थेंबांचा मारा खालून कापूस लावून थांबत नाही. दाराखालची बोटभर फट अख्ख्या भिंतीची मेहनत वाया घालवते, तिला रबरी पट्टी लावा. घुमाऱ्यासाठी रुईच्या जुन्या गाद्या भिंतीपासून दोन इंच सोडून टांगा. एक टाळी वाजवून पाहा : मागून ‘टण्ण’ असा शेपटा आला, तर अजून एक गादी हवी. माइक तोंडापासून वीतभर.

राहिला उन्हाळा. खिडकी नाही म्हटल्यावर लंडनलाही हवा यंत्रानं खेळवावी लागली. तुम्ही कूलरनं खोली आधी गार करा आणि रेकॉर्डिंगपुरता तो बंद ठेवा. दहा-दहा मिनिटांचे तुकडे घ्या, मुलं घामाघूम होत नाहीत.

प्रश्न : याच इमारतीवर बॉम्ब पडला, तरी बातम्या थांबल्या नाहीत, हे खरं का?

उत्तर : हो. १५ ऑक्टोबर १९४० च्या रात्री, ब्रूस बेलफ्रेज नऊच्या बातम्या वाचत असताना, आत येऊन पडलेला बॉम्ब फुटला. श्रोत्यांना फक्त एक दबका धप्प आवाज आला आणि वाचन पुढे चालू राहिलं. त्या स्फोटात तिथले सात कर्मचारी दगावले.