वाचक विचारतात : मे महिन्यात पोरं का सोडून जातात?

प्रश्न : नाशिकजवळच्या वॉटर पार्कमध्ये मी शिफ्ट सुपरवायझर आहे. हाताखाली वीसेक पोरं, बहुतेक कॉलेजची. ऐन मे महिन्यात निम्मी सोडून जातात. पगार वाढवणं माझ्या हातात नाही. काय करावं? आणि इथून मोठ्या थीम पार्कच्या वरच्या पदावर पोहोचता येतं का, की एमबीए हवंच?
– एक वाचक, सातपूर

उत्तर : पोहोचता येतं. जॉर्ज कॅलोग्रिडिस १९७१ साली फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या हॉटेलात टेबलं आवरायला लागले आणि २०१३ मध्ये त्याच वॉल्ट डिस्ने वर्ल्डचे अध्यक्ष झाले. तिथलं सगळं कामकाज दहा वर्षं सांभाळणारे ली कॉकरेल यांनी कॉलेज अर्धवट सोडलं होतं. सुरुवात वेटर म्हणून. पदवीचा उपयोग होतो, पण आधी पावसाळ्यात मेंटेनन्सवाल्यांबरोबर काम मागून घ्या. फिल्टर, पंप, क्लोरीन कळत नसेल तर पार्क हातात येत नाही.

आता पोरांचं. पगाराआधी ती उन्हाला आणि अपमानाला कंटाळतात, आणि हे दोन्ही तुमच्या हातात आहे.

दर चार जागांमागे पाचवा माणूस बदलीला ठेवा आणि दर अर्ध्या तासाने सगळ्यांना एकेक जागा पुढे सरकवा : टॉवरचा माथा, खालचा पूल, ट्यूबचा काउंटर, रांगेचं तोंड, मग अर्धा तास सावलीत. दोन तास काम, अर्धा तास विश्रांती. हे मोडतं ते दुपारी एकच्या सुमारास, कारण बदलीचा पोरगा कुणीतरी लॉकरवर पाठवतो. बदलीच्या पोराला दुसऱ्या कामाला लावायचं नाही, हे सकाळीच सगळ्यांसमोर सांगा. लाइफगार्डला आपला भाग दहा सेकंदांत नजरेखालून घालून पुढच्या वीस सेकंदांत बुडणाऱ्यापर्यंत पोहोचायचं असतं; पाण्यावरच्या चकाकीने थकलेल्या डोळ्यांना ते जमत नाही. बदली आलेल्याची नजर पाण्यावर बसल्याशिवाय आधीच्याने जागा सोडायची नाही.

डिस्नेच्या पार्कमध्ये कामाचा क्रम वर्षानुवर्षं असा ठरलेला होता : आधी सुरक्षितता, मग सौजन्य, मग देखावा आणि शेवटी वेग. समजा, खालचा पूल मोकळा झालेला नाही म्हणून पोराने स्लाइड थांबवली आणि रांग ओरडायला लागली. अशा वेळी तुम्ही स्वतः वर जा, पाहुण्यांशी तुम्ही बोला. पोराला काही विचारायचं असेल तर शिफ्टनंतर, एकट्याला. रांगेसमोर एकदा जरी झापलंत तरी पुढच्या वेळी तो थांबवणार नाही, आणि अपघात नेमका तेव्हाच होतो. माझ्या मते सुपरवायझरची खरी परीक्षा ही एवढीच.

काही पोरं मात्र नाइलाजाने जातात. पुणे विद्यापीठाच्या परीक्षा एप्रिल-मेमध्ये येतात, तुमचा हंगामही तोच. मार्चमध्येच प्रत्येकाकडून पेपरच्या तारखा घेऊन हजेरीपत्रकात मांडा. संध्याकाळी ट्यूब मोजण्यात शेवटची सिटीलिंक बस चुकत असेल, तर मोजणी शेवटची राइड बंद होण्याआधी सुरू करा.

टॉवरवर शेडनेट आणि वीस लिटरचा पाण्याचा जार मागायचा असेल, तर राइड किती वाजता, कशामुळे थांबली आणि कोण चक्कर येऊन बसलं, हे तीन आठवडे वहीत लिहा आणि ती वहीच मॅनेजरसमोर ठेवा. पुढच्या नोकरीच्या मुलाखतीतही तीच घेऊन जा.