मुलांना पहिल्यांदा ऑपेरा दाखवायचा असेल तर कुठून सुरुवात करावी?

तुम्ही लिहिलंय की मुलं ६ आणि ९ वर्षांची आहेत, नुकतेच न्यू जर्सीला आलाय, घरात कुणालाच ऑपेरातलं काही कळत नाही, तर न्यावं का आणि नेलं तर काय दाखवावं. न्याच! फक्त पहिला ऑपेरा जपून निवडा, कारण आमची पहिली खेप त्यातच फसली होती.

मुलगी तेव्हा ६ वर्षांची, आणि मी हौसेने एक मोठ्या नावाचा इटालियन ऑपेरा निवडला, चांगला साडेतीन तासांचा. इंग्रजी भाषांतर छोट्या पट्टीवर येत होतं, ते तिला त्या वेगात वाचता येईना, दर दोन मिनिटांनी माझ्या कानाशी "आता काय म्हणाली ती?" आणि पहिल्या इंटरव्हलला आम्ही घरी. तिची काही चूक नव्हती, माझी निवड चुकली.

पुढच्या डिसेंबरात मग न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराला (सगळे 'मेट' म्हणतात) मोझार्टचा 'द मॅजिक फ्लूट' बघितला, तो सुट्टीतला फॅमिलीवाला. मेटने २००६ पासून तो काटछाट करून इंग्रजीत करायला सुरुवात केली, जेमतेम पावणेदोन-दोन तासांचा, आणि दिग्दर्शन ज्युली टेमरचं म्हणजे बाहुल्या आणि मुखवटे भरपूर. नायक बासरी वाजवतो तेव्हा पातळ कापडाची प्रचंड मोठी अस्वलं हवेत तरंगत येतात आणि नाचतात, तेव्हा आमची मुलगी सीटवर उभीच राहिली. हा प्रयोग यंदा आहे का ते मेटच्या साइटवर बघून घ्या, आणि तिथे ५ वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत, तुमची दोघंही बसतात त्यात.

आता हाच का, तर मला वाटतं आपल्याला हा सगळ्यात जवळचा आहे. बहुतेक ऑपेरात साधं बोलणंसुद्धा गाऊनच असतं, पण यात मधे चक्क गद्य संवाद आणि मग पद, म्हणजे आपल्या संगीत नाटकासारखंच. १७९१ साली व्हिएन्नाच्या उपनगरातल्या एका थिएटरात हा पहिल्यांदा झाला, ते थिएटर चालवणारा शिकानेडर, संगीत मोझार्टचं पण शब्द त्यानेच लिहिले आणि पक्षी पकडणाऱ्या पापागेनोचं कामही त्यानेच केलं. नाटक कंपनीचा मालकच लेखक आणि तोच नट, आपल्याला काही नवीन नाही.

त्या वर्षी माझी आई सांगलीहून आली होती, तिलाही नेलं. तिचं लहानपण 'सौभद्र'ची पदं ऐकण्यात गेलेलं. अर्ध्या तासाने तिने हळूच विचारलं, "माईक कुठंय गं यांचा?" माईक नसतोच! जवळजवळ चार हजार माणसांचं थिएटर, आम्ही सगळ्यात वरच्या स्वस्तातल्या सीटवर, खाली ऑर्केस्ट्रा वाजतोय आणि त्याच्यावरून एका माणसाचा गळा आपल्यापर्यंत पोचतो. मुलांना हे जाण्याआधी नक्की सांगा, मग ती ऐकायला लागतात. 'रात्रीची राणी' म्हणून यात एक पात्र आहे, तिचं ते संतापाचं गाणं आलं, ज्यात आवाज अगदी टोकाला जाऊन टिपेवर टिपा मारत राहतो, तेव्हा आईने माझा हात घट्ट धरला आणि संपल्यावर म्हणाली, इथे वन्स मोअर देत नाहीत का? टाळ्या वाजवा, ब्राव्हो म्हणा, ते चालतं. (मोझार्टने ते आपल्या मेव्हणीसाठी लिहिलं होतं, तिचा गळा तेवढा वर जायचा.)

तयारी म्हणून फार काही करू नका. गोष्ट जेवताना एकदा सांगा, शेवटासकट, रहस्य वगैरे राखून ठेवू नका, गोष्ट माहीत असली की मुलांचं लक्ष गाण्याकडे जातं. आणि दोनच गाणी आधी ऐकवा. एक राणीचं, आणि दुसरं पापागेनोच्या कुलपाचं. तो थाप मारतो की सापाला मीच मारलं, म्हणून त्याच्या तोंडाला कुलूप लागतं, आणि मग बिचारा बंद तोंडाने नुसतं हम्म हम्म हम्म गात राहतो. आम्ही गाडीत हाच खेळ खेळायचो, ओठ मिटून चाल गायची, हसला तो आउट. प्रत्यक्षात ते कुलूप स्टेजवर आलं तेव्हा मुलगी माझ्याकडे न बघता ओठ मिटून बसली होती, तिला पुढचं माहीत होतं ना!

आणि वेळेच्या आधी आत जाऊन बसा. सुरू होण्याआधी मेटची काचेची झुंबरं हळूहळू वर छताकडे जातात, ते चुकवू नका.

हा आवडला तर पुढचा हुम्परडिंक या जर्मन संगीतकाराचा 'हॅन्सेल अँड ग्रेटेल', १८९३ चा. त्याच्या बहिणीने घरच्या मुलांच्या खेळासाठी भावाकडे थोडी गाणी मागितली, त्यातून वाढत वाढत तो झाला. सुरुवातीलाच हॅन्सेल-ग्रेटेल या भावाबहिणीचं नाचाचं गाणं आहे, टाळ्या वाजवायच्या, पाय आपटायचे, गोल फिरायचं. ते आमच्याकडे अजून सोफ्याभोवती चालू असतं, आणि आई व्हिडिओ कॉलवर तिकडून टाळ्या देते.