वाचक विचारतात : ओलं, सुकं आणि मधलं सगळं

कचऱ्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं या वेळी घेतली आहेत. प्रश्न जागेअभावी थोडे आटोपते केले आहेत.

आमच्या सोसायटीत ६० घरं आहेत. ओल्या कचऱ्यासाठी विटांचे दोन हौद बांधले. पावसाळा लागला की घाण वास, अळ्या आणि खालून काळं पाणी. रहिवासी म्हणतात, बंद करा. चुकतंय काय?
*– एका गृहनिर्माण संस्थेच्या सचिव, ठाणे*

बंद करू नका, उलट आणखी दोन हौद बांधा. दोन हौदांत हे गणित बसतच नाही. घरटी ६००-७०० ग्रॅम ओला कचरा धरला तरी रोज ४० किलो होतो. (आठवडाभर रोज काट्यावर तोलून हा आकडा पक्का करून घ्या, पुढचं सगळं त्यावर ठरतं.) चार फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट उंच हौद एवढ्या कचऱ्याने साधारण पंधरवड्यात भरतो. भरलेल्या हौदाला निदान ४५ दिवस निवांत हवेत. म्हणजे चार हौद असले की चौथा भरेपर्यंत पहिला रिकामा करता येतो. दोनच असले की अर्धकच्च्या खतावर ताजा कचरा पडत राहतो. तुमच्याकडे तेच होत असणार.

आता वास. तो कसला आहे हे आधी नाकाने ठरवा. कुजक्या अंड्यासारखा असेल तर आत हवा नाही. डोळ्यांना झोंबणारा, अमोनियासारखा असेल तर नत्र जास्त झालंय. दोन्हींवर औषध एकच : सुका पाला. कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या एका भागामागे कर्बाचे २५ ते ३० भाग लागतात. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात हे प्रमाण १५-२० च्या आसपासच असतं, वाळलेल्या पानांत ५० च्या पुढे, आणि लाकडाच्या भुशात कित्येक शेकड्यांत. म्हणून पाला टोपलीने लागतो, भुसा ओंजळीने पुरतो. एक बादली ओल्या कचऱ्याला एक बादली कुरकुरीत पाचोळा, किंवा पाव बादली भुसा, हा हिशोब रोज पाळा. आज राहिला तर उद्या दुप्पट टाकू, असं यात चालत नाही.

पावसाळ्यात पाचोळा मिळत नाही, आणि बहुतेक सोसायट्यांचं खत नेमकं तिथेच बिघडतं. पानगळ फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते. तेव्हा आवारातला पाला झाडून जाळू नका. पायाने दाबून मोठ्या गोण्या भरा आणि छपराखाली रचून ठेवा. तुमच्या सोसायटीला चार महिन्यांसाठी ४० ते ५० गोण्या लागतील.

ओल बरोबर आहे का, हे मुठीने कळतं. हौदात हातभर खालचं मिश्रण घेऊन घट्ट दाबा. बोटांच्या फटीत एखाददुसरा थेंब दिसला तर ठीक. धार लागली तर पाला वाढवून ढीग उलथा. मूठ उघडताच भुगा झाला तर पाणी शिंपडा. दुसरी परीक्षा सळईची : लोखंडी सळई ढिगाच्या पोटात पाच-दहा मिनिटं खुपसून ठेवा. बाहेर काढल्यावर हातात धरवत नसेल तर आत ५५ अंशांच्या आसपास ऊब आहे. एवढी ऊब तीन दिवस टिकली की रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. सळई गार निघाली तर ढीग चिंब झालाय किंवा दबलाय. दाताळ्याने आठवड्यातून एकदा वर-खाली करा.

काळ्या पाण्यासाठी हौदाचा तळ एका बाजूला उतरता हवा. त्यावर वीतभर विटांचे तुकडे, वर नारळाच्या शेंड्या, आणि उताराच्या टोकाला बादलीत सुटणारी नळी ठेवा. ते पाणी गटारात सोडू नका. ढीग कोरडा वाटेल त्या दिवशी त्यावरच शिंपडा. हौदावर पत्रा हवाच, आणि भिंतीत वीट सोडून ठेवलेल्या फटी हव्यात. कित्येक ठिकाणी गवंडी सवयीने भिंत आतून गिलावा करून बंद करतो आणि मग कितीही कल्चर (जिवाणूंचं विरजण) ओतलं तरी वास जात नाही.

अळ्यांना घाबरू नका. करड्या-तपकिरी, चपट्या, बोटाच्या पेराएवढ्या असतील तर त्या काळ्या सैनिक माशीच्या आहेत. त्या कचरा झपाट्याने खातात, आणि ती माशी ना चावते ना अन्नावर बसते. पांढऱ्या बारीक अळ्या घरमाशीच्या. त्यांच्यासाठी रोज वर दोन इंच तयार खत किंवा भुसा पसरा, म्हणजे माशीला अंडी घालायला ओला पृष्ठभाग मिळत नाही. फिनाइल किंवा कीटकनाशक मात्र फवारू नका. अळीबरोबर तुमचे जिवाणूही मरतात.

४० किलो कचऱ्याचं ८ ते १० किलो खत मिळतं. ते पक्व झालं की नाही हे मेथीला विचारा. निम्मं खत, निम्मी माती घेऊन दहा दाणे पेरा. आठ-नऊ उगवले तर खत झाडांना द्या. कुजले किंवा पिवळे पडले तर अजून पंधरा दिवस थांबा.

आमच्या वसतिगृहाच्या मेसमधून रोज ५० किलो खरकटं आणि भाजीची देठं निघतात. बायोगॅस परवडेल का? जवळच्या एका संस्थेचा प्लांट सहा महिन्यांत बंद पडला.
*– मेस व्यवस्थापक, कोल्हापूर*

परवडेल, पण सांभाळणारा एक माणूस नेमून द्यावा लागेल. ५० किलोंपासून रोज ४ ते ५ घनमीटर गॅस मिळावा. एक घनमीटर बायोगॅस सुमारे ४५० ग्रॅम एलपीजीचं काम करतो. म्हणजे १९ किलोंची व्यावसायिक टाकी नऊ-दहा दिवसांत एक वाचते. थंडीत पारा २० अंशांखाली गेला की गॅस घटतो, हे धरून चाला.

टाकीचं माप : ५० किलो खरकटं अधिक ५० लिटर पाणी, म्हणजे रोज १०० लिटर. आत ते ४० दिवस राहायला हवं, म्हणून ४,००० लिटर, आणि हाताशी थोडी जास्त धरून ५,००० लिटर. ज्या प्लांटचं तुम्ही लिहिलंय तसे प्लांट बहुतेक वेळा सुरुवातीच्या घाईने मरतात. आधी साधारण एक टन ताजं शेण तेवढ्याच पाण्यात कालवून टाकी निम्मी भरा आणि दोन-तीन आठवडे थांबा. पहिला गॅस मोकळ्यावर सोडून द्या. त्यात हवा मिसळलेली असते, तो पेटवायला गेलात तर स्फोट होऊ शकतो. मग पहिल्या आठवड्यात रोज ५ किलो, दुसऱ्यात १०, अशी दर आठवड्याला पाच-पाच किलोंची चढण ठेवा. दहा आठवडे लागतील, लागू द्या.

कारण असं. भात, पोळी, बटाटा लवकर आंबतो आणि आम्ल तयार होतं. ते आम्ल खाऊन मिथेन देणारे जिवाणू मात्र सावकाश वाढतात. खाणारे कमी आणि आम्ल जास्त झालं की टाकी आंबट होते, गॅस येतो पण पेटत नाही. आम्लता दाखवणारी पीएच पट्टी आठवड्यातून दोनदा बुडवून पाहा : ७ च्या आसपास हवं. ६.५ खाली आलं की खरकटं घालणं त्या दिवसापासून बंद. रोज दोन बादल्या शेणकाला आणि थोडी चुन्याची निवळी घाला, पट्टी ७ वर आल्यावर पुन्हा निम्म्या मापाने सुरू करा. ज्योत निळी आणि स्थिर असेल तर काळजी नाही. पिवळी, फडफडणारी असेल तर पट्टी काढा.

खरकटं दळूनच घाला. अख्खी देठं वर तरंगतात, त्यांची जाड साय धरते आणि गॅस अडतो. चमचे, हाडं, लिंबाच्या साली, दुधाच्या पिशव्या चाळणीवर काढा. भांडी घासलेलं साबणाचं पाणी टाकीत जाऊ देऊ नका.

नळीकडेही लक्ष द्या. गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड शेगडी खातो. वाटेत एका पाइपमध्ये लेथवरचा लोखंडी कीस भरून त्यातून गॅस न्या. कीस काळा पडला की बदला. काढलेला कीस आधी पाण्यात भिजवा, कोरडा ठेवला तर हवेत आपोआप तापतो. नळीच्या सगळ्यात खालच्या जागी पाणी साठतं आणि ज्योत आचके देते. तिथे एक तोटी बसवून रोज पाणी सोडा. एलपीजीच्या शेगडीचं जेट बारीक असतं, या गॅसला मोठं भोक लागतं.

पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने खरकट्यावर चालणारा घरगुती प्लांट विकसित केला आणि त्याला २००६ साली ॲशडेन पुरस्कार मिळाला. भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘निसर्गऋण’ तंत्र मोठ्या प्रमाणासाठी आहे. तुमच्या ५० किलोंना पहिल्या जातीचा, साधा प्लांट बरा. आणि मेसच्या दारात रोजच्या उष्ट्याचं वजन फळ्यावर लिहा. टाकी कितीही चांगली असली तरी ताटात टाकलेला भात खाण्यासाठीच शिजवलेला होता.

सॅनिटरी पॅड आणि डायपर सोसायटीतल्या छोट्या विजेच्या यंत्रात जाळावेत का?
*– वाचक, नाशिक*

जाळू नयेत. पॅडमध्ये प्लास्टिकचा थर आणि पाणी शोषणारी जेल असते. ते पुरतं जळायला ८०० अंशांहून अधिक तापमान लागतं. भिंतीवरची बहुतेक छोटी यंत्रं तिथवर पोहोचत नाहीत, आणि अर्धवट जळल्यावर निघणारा धूर विषारी असतो. वर्तमानपत्रात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा आणि वेगळं द्या. पुण्यात कचरावेचक महिलांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने हीच लाल ठिपक्याची पद्धत रुजवली, कारण उघडं पॅड रोज त्यांच्याच हातात येत होतं. डायपरमधली विष्ठा आधी संडासात टाका. शौचालयात पॅड टाकू नका, जेल फुगून नळ तुंबतो. ज्यांना जमेल त्यांनी पॅडऐवजी पाळीसाठीचा सिलिकॉनचा कप वापरून पाहावा, तो नीट उकळून वापरला तर अनेक वर्षं टिकतो.

गावात घंटागाडी सुरू केली. भंगारवाला बाटल्या, पुठ्ठा नेतो, पण चिप्सची पाकिटं आणि पिशव्या कुणी घेत नाही. रस्त्यात वापरता येतील का?
*– ग्रामपंचायत सदस्य, रत्नागिरी*

सगळ्या नाही. आधी तीन ढीग करा. दुधाची पिशवी विकली जाते, पण धुऊन सुकवलेली हवी. घराघरांत एकच गोष्ट सांगा : पिशवीचा कोपरा कापताना तो तुकडा वेगळा करू नका, चीर देऊन लटकता ठेवा. तो बोटभर तुकडा सुटला की पुन्हा कुणाच्याही हाती लागत नाही, थेट गटारात जातो.

दुसरा ढीग पातळ पिशव्यांचा. डांबरी रस्त्यासाठी हाच कामाचा. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रा. आर. वासुदेवन यांनी विकसित केलेल्या पद्धतीत प्लास्टिक धुऊन, सुकवून २.३६ ते ४.७५ मिलिमीटर आकाराचं कातरतात. खडी १६० ते १७० अंशांपर्यंत तापवून त्यावर हा चुरा टाकला की खडीला त्याचं पातळ आवरण बसतं, मग डांबर. प्रमाण डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के. पीव्हीसी (पाइप, फ्लेक्सचं प्लास्टिक) मात्र एक तुकडाही नको. तापल्यावर हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो आणि तो भट्टीवरच्या मजुराच्या छातीत जातो. तुमच्याच कोकणात वेंगुर्ला नगरपरिषदेने वर्गीकरण, बायोगॅस आणि रस्त्यातलं प्लास्टिक यांची सांगड घातली आहे. एकदा जाऊन तिथली वर्गीकरणाची शेड बघा.

तिसरा ढीग चिप्सच्या पाकिटांचा. प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले, ते सुटे होत नाहीत. ती सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात. राज्यातले बरेच सिमेंट कारखाने चंद्रपूर जिल्ह्यात आहेत, म्हणजे रत्नागिरीहून लांबचा पल्ला. सुटी पाकिटं पाठवली तर ट्रकमध्ये हवाच जाते आणि भाडं अंगावर येतं. म्हणून दाबयंत्र घ्या, गठ्ठे बांधा, आणि आसपासच्या आठ-दहा ग्रामपंचायतींनी मिळून एक गाडी भरा. गठ्ठे कोरड्या शेडमध्ये, विजेच्या तारांपासून दूर ठेवा.

निवडायच्या कामाला गावात आधीपासून भंगार वेचणाऱ्यांनाच पहिल्यांदा बोलवा. प्लास्टिकचा आवाज ऐकून, चुरगाळून जात सांगण्याचं त्यांचं कसब दुसऱ्या कुणाकडे नाही. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून हेच मांडत आली आणि त्यातूनच ‘स्वच्छ’ उभी राहिली. मजुरी, हातमोजे आणि उभ्याने निवडायला कमरेएवढं टेबल हे पहिल्या अंदाजपत्रकात घाला. यंत्र नंतर आलं तरी चालेल.

शहराबाहेरचा जुना डेपो दर उन्हाळ्यात पेटतो. बंब येतात, दोन दिवसांनी पुन्हा धूर. हे कायमचं कसं थांबेल?
*– वाचक, मराठवाडा*

पाणी वरचा थर गार करतं, आग पोटात धुमसत राहते. मिसळलेला ओला कचरा हवेविना कुजतो, मिथेन साठतो, आणि उन्हाळ्यात ठिणगी पुरते. मुंबईच्या देवनार डेपोला जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला आणि आसपासच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली. आग लागल्यावर पोकलेनने चर खणून जळता भाग वेगळा करायचा, तो पातळ पसरून विझवायचा आणि वर वीतभर माती टाकायची. माणसं वारा येतो त्या बाजूला, धुराबाहेर. वायरमधलं तांबं काढायला कुणी जाळत असेल तर तेही थांबवा. उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास २५,००० रुपये भरपाई घ्यावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला आहे.

कायमचा उपाय म्हणजे जुना ढीग उकरून चाळणं. कचरा दोन-अडीच मीटर उंचीच्या लांब ओळींत रचतात, जिवाणूंचं द्रावण फवारतात, आठवड्याला एकदा उलटतात. तीन-चार उलटण्यांनंतर वास आणि ओल जाते, मग फिरत्या चाळणीतून माती, प्लास्टिक-चिंध्या आणि दगड-विटा वेगळ्या होतात. दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. हे काम पावसाळ्यात रेटलं तर ओली माती चाळणीला चिकटून सगळं अडतं. आणि खाली आलेली माती ‘खत’ म्हणून शेतकऱ्याला वाटली जात असेल तर आधी शिसं, कॅडमियम, क्रोमियमची तपासणी मागा. जुन्या डेपोत बॅटऱ्या आणि रंगाचे डबेही पुरलेले असतात. तपासणीत न उतरलेली माती खड्डे भरायला जाऊ दे, वाफ्यात नको. चाळणी सुरू असताना त्याच डेपोवर रोजचा मिश्र कचरा येतच राहिला, तर ठेकेदाराला पैसे मिळतील आणि ढीग तेवढाच राहील. नवीन कचरा वेगळा येऊ लागल्याची तारीख निविदेतच लिहून घ्या.